एका अर्जदाराची गोष्ट : स्टॅन्ली मिलग्रॅम

संशोधन हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांसमोर प्रयोगशाळा येते, ग्रंथालयातील उंच कपाटे येतात आणि शेवटी पदवीदानाचा झगा येतो. या सर्वांच्या आधी एक साधा कागद असतो. त्या कागदावर आपला प्रश्न मांडायचा असतो, तो सोडविण्यासाठी किती पैसे लागतील ते लिहायचे असते आणि खाली सही करून तो अनोळखी माणसांकडे पाठवायचा असतो. या कागदाला अर्ज म्हणतात. थोरांच्या चरित्रांत त्याला सहसा एखादी ओळही मिळत नाही. पण कित्येक विद्यार्थ्यांचे संशोधन या कागदापाशीच अडते, हे मी गेली अनेक वर्षे पाहत आलो आहे.

गेल्या जूनमध्ये आमच्या मानसशास्त्र विभागातील एक माजी विद्यार्थिनी पाठ्यवृत्तीचा अर्ज घेऊन माझ्याकडे आली. एस.टी.च्या गर्दीत माणसे कोणाला उठून जागा देतात आणि कोणाला देत नाहीत, हा तिचा विषय. विषय ऐकताच मला आवडला. अर्ज मात्र आवडला नाही. प्रस्तावनेत तिने तीन पाने भरून मानवतेविषयी लिहिले होते. संशोधनपद्धतीच्या रकान्यात दोन ओळी होत्या आणि अपेक्षित खर्चाचा रकाना कोराच होता. विचारले, तर मान खाली घालून म्हणाली की सर, पैसे मागायला बरे वाटत नाही.

मला माझाच जुना अर्ज आठवला. तरुणपणी मीही असाच एक अर्ज एका कार्यालयाकडे पाठविला होता. भारतीय समाजातील आज्ञाधारकपणा असा भारदस्त विषय, सात पाने जड भाषा, आणि प्रत्यक्षात मी सोमवारी सकाळी उठून काय करणार याचा कोठेही पत्ता नाही. एका ओळीचे उत्तर आले आणि प्रकरण मिटले. पुढे बरीच वर्षे मी त्या कार्यालयाला मनातल्या मनात दोष देत राहिलो. स्टॅन्ली मिलग्रॅमचे चरित्र वाचले तेव्हा माझा राग निवळला आणि त्या जागी थोडी लाज आली. त्या विद्यार्थिनीला जे सांगितले तेच येथे सर्व विद्यार्थी मित्रांसाठी लिहितो आहे. मिलग्रॅमचा उल्लेख मी एकेरी करणार आहे, कारण मला तो भेटला तो अर्ज हातात घेतलेला एक विद्यार्थी म्हणूनच.

मिलग्रॅमचा जन्म १५ ऑगस्ट १९३३ रोजी न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागात झाला. आईवडील ज्यू. वडील हंगेरीतून व आई रुमानियातून अमेरिकेत आलेली. वडिलांचा धंदा पाव आणि केक भाजण्याचा. घरात विद्येला मान होता, पैसा मात्र बेताचा. मुलगा बारा वर्षांचा होण्याच्या सुमारास युरोपातील महायुद्ध संपले आणि हिटलरच्या छळछावण्यांची हकिकत जगापुढे आली. साधी, कुटुंबवत्सल माणसे वरून हुकूम आला म्हणून लाखो निरपराधांच्या हत्येत कशी सामील होतात, हा प्रश्न त्या पिढीतील ज्यू मुलाला पुस्तकातून शिकावा लागला नाही. त्याच्या आप्तांच्या जगातच तो उभा होता.

शालेय शिक्षणानंतर तो घराजवळच्या क्वीन्स कॉलेजात गेला. तेथे त्याचा विषय राज्यशास्त्र. १९५३ साली, तो शेवटच्या वर्षात असताना, वडील हृदयविकाराने अचानक वारले. १९५४ साली पदवी मिळाली. त्याच्या मनात आंतरराष्ट्रीय संबंधांचा अभ्यास करून परराष्ट्र सेवेत जावे असे होते. त्याच सुमारास त्याला हार्वर्ड विद्यापीठातील सामाजिक संबंध या विभागाची माहिती मिळाली. १९४६ साली स्थापन झालेल्या या विभागात मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि मानवशास्त्र एकत्र नांदत होती. आपल्या मनातील प्रश्नाला राज्यशास्त्रापेक्षा हे घर जवळचे, असे त्याला वाटले.

पण हार्वर्डला जायचे तर पैसा हवा. फोर्ड फाउंडेशन त्या काळी एक विशेष पाठ्यवृत्ती देत असे. इतर विषयांतील हुशार मुलांनी मानवी वर्तनाच्या अभ्यासाकडे वळावे, हा तिचा हेतू. मिलग्रॅमने अर्ज केला आणि त्याला ती मिळाली. हार्वर्डने मात्र प्रवेश नाकारला. कारण अगदी रोखठोक होते : या मुलाने मानसशास्त्राचा एकही अभ्यासक्रम पुरा केलेला नाही. म्हणजे पाठ्यवृत्ती ज्या कारणासाठी द्यायची, त्याच कारणासाठी प्रवेश नाही! आपल्याकडे असे झाले असते तर आपण नशिबाला बोल लावून गावी परतलो असतो.

मिलग्रॅमने विभागातील ज्येष्ठ प्राध्यापक गॉर्डन ऑलपोर्ट यांच्याशी पत्रव्यवहार केला. नियमित विद्यार्थी म्हणून नाही, तर विशेष विद्यार्थी म्हणून प्रवेश मिळण्याची एक वाट होती. उणीव तर भरून काढायलाच हवी होती. १९५४ च्या एकाच उन्हाळ्यात त्याने न्यूयॉर्कमधील तीन शिक्षणसंस्थांत मिळून सहा अभ्यासक्रम केले. शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला धावपळ करीत त्याने नकाराचे कारणच पुसून टाकले. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत तो हार्वर्डमध्ये दाखल झाला. मित्रहो, नकाराच्या पत्रात बहुधा पुढची पायरी लिहिलेली असते. आपण ते रागाने फाडून टाकतो म्हणून ती दिसत नाही.

हार्वर्डमध्ये १९५५-५६ साली सॉलोमन ॲश पाहुणे प्राध्यापक म्हणून आले आणि मिलग्रॅम त्यांचा साहाय्यक झाला. ॲश यांचा रेषांचा प्रयोग मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. एका खोलीत काही माणसे बसवायची, समोर एक रेषा दाखवायची आणि दुसऱ्या तीन रेषांपैकी तिच्याइतकी लांब कोणती ते एकेकाला विचारायचे. एक सोडून बाकी सगळी माणसे आधी पढवून ठेवलेली. ती एकमुखाने चुकीचे उत्तर देतात. त्या एकट्या बिचाऱ्याला डोळ्यांनी खरे दिसत असते; तरी सुमारे एक तृतीयांश वेळा तो चुकीच्या सुरात सूर मिसळतो.

मिलग्रॅमला प्रबंधासाठी विषय मिळाला. समूहापुढे मान तुकविण्याची ही वृत्ती सर्व देशांत सारखीच असते काय? राष्ट्रस्वभाव या विषयावर तोवर विद्वानांनी प्रवासवर्णनांच्या आणि गप्पांच्या आधारे भरपूर लिहिले होते. मोजून कोणी पाहिले नव्हते. त्याच्या मनात आधी बरेच देश होते. ऑलपोर्ट यांच्याशी झालेल्या चर्चेतून विषय आटोपशीर होत गेला आणि नॉर्वे व फ्रान्स हे दोन देश ठरले. सोशल सायन्स रिसर्च कौन्सिल या अमेरिकेतील संस्थेने नॉर्वेच्या कामासाठी पाठ्यवृत्ती दिली आणि १९५७ साली तो ओस्लोला गेला.

येथे मला थोडे थांबावेसे वाटते, कारण या टप्प्यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. ॲश यांच्या पद्धतीने प्रयोग करायचा तर प्रत्येक वेळी पाच-सहा पढविलेली माणसे खोलीत हजर हवीत. परक्या देशात, परक्या भाषेत, तुटपुंज्या पैशात रोज इतकी माणसे आणायची कोठून? मिलग्रॅमने रेषांऐवजी ध्वनी घेतले. दोन स्वर ऐकवायचे आणि अधिक लांबलेला कोणता ते विचारायचे. विद्यार्थी बंद कक्षात एकटा बसतो, कानांवर श्रवणयंत्र चढवतो आणि त्यातून त्याला इतर पाच जणांची उत्तरे ऐकू येतात. ते पाच जण तेथे नसतातच. त्यांचे आवाज फितीवर आधी मुद्रित केलेले असतात. बाहेर खुंट्यांवर कोट टांगून ठेवलेले, म्हणजे येणाऱ्याला वाटावे की बाकीची मंडळी आधीच येऊन बसली आहेत. एकदा फीत तयार झाली की पढविलेल्या माणसांचा खर्च संपला. शिवाय प्रत्येकाला तंतोतंत तीच उत्तरे त्याच आवाजात ऐकू जातात, त्यामुळे तुलनाही चोख होते. पैशाच्या टंचाईतून प्रयोगाची शिस्त वाढली.

तीस वेळा स्वर ऐकवायचे, त्यांपैकी सोळा वेळा समूह मुद्दाम चुकायचा. पहिल्या प्रकारात नॉर्वेतील विद्यार्थी ६२ टक्के वेळा समूहाबरोबर गेले, फ्रान्समधील ५० टक्के वेळा. या निष्कर्षांचा उपयोग विमानांतील सूचनाध्वनींसाठी, म्हणजे माणसांच्या जिवासाठी होणार आहे असे सांगितल्यावर आकडे थोडे उतरले : ५६ आणि ४८. उत्तर मोठ्याने न सांगता कागदावर गुप्तपणे लिहू दिले तेव्हा ते आणखी खाली आले : ५० आणि ३४. उलट, एकटा पडलेल्याला फितीवरील आवाजांनी टोमणे मारले तेव्हा ते ७५ आणि ५९ वर चढले. प्रत्येक प्रकारात नॉर्वे पुढे, फ्रान्स मागे. आता या आकड्यांवरून सगळ्या राष्ट्राचा स्वभाव ठरतो काय, याविषयी मतभेद होऊ शकतो. परंतु मोठा प्रश्न एका फितीवर आणि एका खुंटीवरच्या कोटांवर आणून ठेवण्याची ही हातोटी मला फार मोलाची वाटते. माझ्या सात पानांत नेमकी तीच नव्हती.

१९५९-६० हे वर्ष त्याने प्रिन्स्टन येथे ॲश यांच्या हाताखाली काम करीत आणि प्रबंध पुरा करीत काढले. १९६० मध्ये डॉक्टरेट मिळाली आणि तो येल विद्यापीठात शिकवू लागला. त्याच्या मनात एक विचार घोळत होता. रेषा किंवा स्वर यांबाबत माणूस समूहाला शरण जातो हे ठीक. पण दुसऱ्याला इजा करण्याच्या बाबतीतही तो असाच शरण जाईल काय? आणि समूहाऐवजी हुकूम देणारा एकच अधिकारी असेल तर? लहानपणीचा प्रश्न आता प्रयोगाच्या भाषेत बोलू लागला होता.

आता तो विद्यार्थी राहिला नव्हता, पण अर्जदार होताच. १९६० च्या अखेरीस त्याने निरनिराळ्या सरकारी संस्थांकडे पत्रे लिहून चाचपणी केली. त्याच वेळी येलमधील आपल्या विद्यार्थ्यांना हाताशी धरून एक लहानसा पूर्वप्रयोग करून पाहिला. जानेवारी १९६१ मध्ये नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे रीतसर अर्ज गेला. संस्थेची माणसे प्रत्यक्ष येऊन पाहून गेली. मे महिन्यात २४,७०० डॉलरचे अनुदान मंजूर झाले. पूर्वप्रयोगाशिवाय हा अर्ज कोणी मनावर घेतला असता काय? मला शंका वाटते. माणसे असे वागतील हे ऐकून कोणाचाही विश्वास बसला नसता. पुढे त्याने मनोविकारतज्ज्ञांना अंदाज विचारला, तेव्हा त्यांच्या मते शेवटपर्यंत जाणारा माणूस हजारात एखादाच निघणार होता.

प्रयोग थोडक्यात असा. न्यू हेवनमधील सामान्य नागरिकांना वर्तमानपत्रातील जाहिरातीने बोलावले. तासाभरासाठी चार डॉलर आणि वर जाण्यायेण्याचे पन्नास सेंट. स्मरणशक्तीचा अभ्यास आहे असे सांगायचे. आलेल्या माणसाने शिक्षक व्हायचे आणि पलीकडच्या खोलीतील शिकणारा चुकला की विजेचा धक्का द्यायचा. यंत्रावर १५ ते ४५० व्होल्टपर्यंत तीस कळा. खरे धक्के बसतच नव्हते. शिकणारा पढविलेला होता. पहिल्या प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ४० पैकी २६ जण, करड्या कोटातील प्रयोगकर्त्याच्या शांत आज्ञेनुसार, अखेरच्या कळेपर्यंत गेले. त्यातले बरेच घाम पुसत होते, थरथरत होते, थांबवा म्हणून विनवीत होते. आणि तरीही कळ दाबत होते. ऑगस्ट १९६१ ते मे १९६२ या काळात हे प्रयोग चालले. त्याच वर्षी जेरुसलेम येथे आइकमनवरचा खटला चालू होता.

येथवर वाचून कोणाला वाटेल की अर्ज उत्तम, अनुदान मंजूर, प्रयोग यशस्वी, मिलग्रॅम धन्य! पण गोष्ट येथे संपत नाही. त्या घाम पुसणाऱ्या माणसाचे काय? त्याला आयुष्यभर हे माहीत राहणार की आपण कळ दाबली. १९६४ साली डायना बॉमरिंड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी मिलग्रॅमवर याच मुद्द्यावर कडक टीका केली. त्याआधी अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेने चौकशीसाठी त्याचे सभासदत्व वर्षभर रोखून धरले होते. मिलग्रॅमने उत्तर दिले ते आपल्या स्वभावाला धरून, आकड्यांनी. भाग घेतलेल्यांना त्याने नंतर प्रश्नावली पाठविली होती. उत्तर देणाऱ्यांपैकी ८४ टक्के लोकांनी आपण भाग घेतल्याचे समाधान व्यक्त केले होते. पुढे अनेक वर्षांनी येलमधील कागदपत्रे तपासणाऱ्या संशोधकांना असे आढळले की कित्येकांना घरी जाताना सगळे खरे सांगितले गेले नव्हते. धक्के खोटे होते हे त्यांना बऱ्याच काळाने कळले. या गोष्टीचे समर्थन मी करू शकत नाही. तो प्रश्न त्याने विचारला हे मोठेच. पण त्याची किंमत त्याने दुसऱ्यांना न विचारता त्यांच्या खात्यावर मांडली, हेही तितकेच खरे. १९७४ साली अमेरिकेत माणसांवरील संशोधनाविषयी कायदा झाला. आज कोठल्याही चांगल्या संस्थेच्या अर्जात सहभागी व्यक्तींची संमती आणि सुरक्षितता यांसाठी वेगळा रकाना असतो. मुले त्याला कटकट म्हणतात. मी त्यांना सांगतो की तो रकाना न्यू हेवनमधल्या घामाने लिहिलेला आहे.

पुढे मिलग्रॅम हार्वर्डला परतला. तेथे अवघ्या ६८० डॉलरच्या मदतीवर त्याने अगदी निराळा प्रयोग सुरू केला. अमेरिकेच्या मध्यभागातील सामान्य माणसांकडे एक पाकीट द्यायचे आणि ते बोस्टनजवळच्या एका अनोळखी माणसाकडे फक्त ओळखीओळखीतून पोहोचवायला सांगायचे. पुढच्या एका मोठ्या प्रयोगात २९६ पाकिटांपैकी ६४ पोहोचली आणि वाटेत सरासरी पाचच माणसे लागली. जग लहान आहे हे आपण सगळेच म्हणतो. त्याने ते टपालाच्या खर्चात मोजून दाखविले.

हार्वर्डने त्याला कायम केले नाही. १९६७ साली तो न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीत गेला आणि अखेरपर्यंत तेथेच राहिला. तेथे त्याने विद्यार्थ्यांना घेऊन रस्त्यावरच प्रयोगशाळा थाटली. एक माणूस पदपथावर उभा राहून वर खिडकीकडे पाहू लागला तर येणाऱ्याजाणाऱ्यांपैकी ४ टक्के थांबत. पंधरा जण पाहू लागले तर ४० टक्के. भुयारी रेल्वेत त्याने विद्यार्थ्यांना पाठविले आणि काहीही कारण न देता अनोळखी माणसाकडे जागा मागायला सांगितले. निम्म्याहून अधिक लोक उठले. विद्यार्थ्यांना मात्र तोंडातून शब्द फुटेना. हे काय अवघड आहे, म्हणून मिलग्रॅम स्वतः गेला, तर त्याचीही तीच गत झाली! मागणे किती जड असते, हे त्याला त्या दिवशी रेल्वेच्या एका तिकिटाच्या पैशात कळले. दुसऱ्यांना कठीण खुर्चीवर बसविणारा हा माणूस एकदा तरी स्वतः तसल्या खुर्चीवर बसला, याचे मला समाधान वाटते.

२० डिसेंबर १९८४ रोजी, आपल्या एका विद्यार्थिनीच्या प्रबंधाची तोंडी परीक्षा आटोपल्यानंतर, त्याच दिवशी हृदयविकाराने त्याचा अंत झाला. वय अवघे ५१.

ही सारी हकिकत मी आमच्या विद्यार्थिनीला दोन दुपारी बसून सांगितली. भुयारी रेल्वेच्या प्रयोगापाशी आल्यावर ती हसली, कारण तिचा विषय तिच्याआधी कोणीतरी हाताळला होता आणि तिला ते ठाऊक नव्हते. मग तिने अर्ज नव्याने लिहिला. मानवतेवरची तीन पाने अर्ध्या पानावर आली. आधी स्वखर्चाने आमच्या गावाच्या स्टँडवरून सुटणाऱ्या गाड्यांत आठ दिवस नुसती नोंद करून पाहिली आणि ती वही अर्जाला जोडली. बसभाडे, कागद, छपाई असा रुपया रुपयाचा हिशेब मांडला. ज्यांना जागा मागायची त्या प्रवाशांना नंतर खरे काय ते कधी व कसे सांगणार, हेही स्वच्छ लिहिले. पैशाचा रकाना भरताना तिचा हात जरा अडखळला. मी म्हणालो की तू स्वतःसाठी मागत नाहीस, प्रश्नासाठी मागते आहेस.

हा अंक छपाईला जाईपर्यंत तिला उत्तर आलेले नाही. होकार आला तर आनंदच आहे. नकार आला तर ते पत्र फाडू नकोस, मला आणून दाखव, असे मी तिला बजावून ठेवले आहे. त्यात पुढची पायरी लिहिलेली असेल. आणि माझा तो जुना सात पानांचा अर्ज मी परवा कपाटातून शोधून काढला. यंदा नव्या वर्गाला पहिल्या तासाला तोच वाचून दाखवणार आहे.